ध्वनियंत्रे आणि कानसेनांची कसोटी



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरविली, तिने आपल्या संगीतशिक्षकांच्या स्मृत्यर्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. आपण सारे ज्यांना नुसते 'गुरुजी' म्हणत असू, त्यांच्यापुढे बसून मी काही वर्षे गाणे शिकण्याचा प्रयत्न केला. गळा साधला नाही. "तानसेन होणे तुझ्या नशिबी दिसत नाही, निदान कानसेन तरी हो," असे ते हसत म्हणाले होते. पुढे आयुष्यभर मी मराठी वाङ्मय शिकविले. तेव्हा आज संतकाव्यावर किंवा नाट्यपदांवर बोलणे माझ्या सोयीचे झाले असते. तरीही मी खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांविषयी आणि त्यांच्या आवाजाची पारख कशी केली गेली याविषयी बोलणार आहे. या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे आणि तिचा संबंध गुरुजींच्या गाण्याशी आहे. ती हकीकत यथावकाश सांगेन. आधी थोडा इतिहास पाहू.

१. 'हुबेहूब' या शब्दाची कथा

ध्वनिमुद्रणाची कला अवतरली तेव्हापासून प्रत्येक नव्या यंत्राविषयी 'आवाज हुबेहूब येतो' असे म्हटले गेले आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि सुमारे तीन मिनिटांत आटोपावयाचे. विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले ते १९२५ पासून. कर्ण्यापासून दूर बसलेला तंबोरा त्या आरंभीच्या तबकड्यांवर जवळजवळ ऐकूच येत नाही. तरीही त्या ऐकून लोक थक्क होत असत आणि त्यांचे थक्क होणे खरे होते.

अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून काही वर्षे जाहीर परीक्षा योजिल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवावयाचे आणि गाते आहे ती बाई की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखावयाचे. कित्येकांना ते ओळखता आले नाही. आज त्याच तबकड्या ऐकल्या तर शाळकरी मुलगाही यंत्र कोणते ते सांगेल. गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताने लावीत, हेही पुढे उघड झाले. पण केवळ लबाडीने ही गोष्ट उलगडत नाही. आपला कान ज्या यंत्रावर तयार होतो, त्या यंत्राचे दोष त्याला खुपेनासे होतात, आणि त्याच कानाने आपण पुढच्या यंत्राची परीक्षा करावयास बसतो.

आपलेच उदाहरण घ्या. १९५६ मध्ये आकाशवाणीचे भोपाळ केंद्र सुरू झाले. माझ्या पिढीचे कान त्या मध्यम लहरींवर घडले. निरोगी तरुण माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मध्यम लहरींवरून पाच हजारांच्या वरचे फारसे काही आपल्यापर्यंत पोहोचत नसे. शिवाय पावसाळ्यात विजांची कडकड असेच. तरी 'त्या वेळचे रेडिओवरचे गाणे काय सुरेल!' असे आपण आजही म्हणतो. ते गाणे सुरेल होतेच. पण त्याचा किती भाग आपल्या कानी पडत होता, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

२. मोजणारे आणि ऐकणारे

मोजमाप प्रमाण मानावे की कान, हा वाद मराठी मुलखाला नवा नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गात आणि देवल तारेच्या लांबीवरून स्वरांची मापे काढीत. सनदी नोकरीतले ई. क्लेमंट्स हे त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, परंतु गवयांनी आणि पंडितांनी ती काही मान्य केली नाही. यंत्राचे आकडे चोख होते, पण गाणारा माणूस स्वराकडे ज्या वाटेने जातो ती वाट त्या पट्ट्यांत नव्हती.

दुसरी घटना १९२१ ची. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याची एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असतो, तो उपस्वर उमटू नये असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. तंबोऱ्यात तो उमटतो. कारण घोडीचा माथा किंचित वक्र असतो, तारेखाली सुताचा दोरा सरकविलेला असतो आणि कंप पावणारी तार त्या माथ्याला सतत चाटून जाते. हीच ती जवारी. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही जवारी कानाने लावीत आले आहेत. तेथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचलेच असेल.

तंबोऱ्याविषयी एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की पुढे तोच आपला साक्षीदार होणार आहे. पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे सत्तर हर्ट्झचा धरला, तर त्यातून आपोआप उमटणारा गंधार साडेतीनशेच्या आसपास येतो. तो साध्या रेडिओवरही ऐकू येई. परंतु जवारीची जी चमक, जी सोनेरी धूळ गाण्याभोवती तरंगत असते, ती कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते आणि क्षणोक्षणी बदलत असते. येथे भोपाळात १९८१ मध्ये ध्रुपद केंद्र स्थापन झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी तेथे शिष्य घडविले. १९८२ मध्ये मोठ्या तलावाच्या काठी भारत भवन उभे राहिले. ज्यांनी तेथे दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसलेल्या गायकाचा आलाप समोरून ऐकला असेल, त्यांना या सोनेरी धुळीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

३. सारांशाची कला

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सीडीचे पहिले यंत्र विक्रीस आले. सीडीची रीत साधी आहे. ध्वनीच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि ते आकडे लिहून ठेवावयाचे. दोन्ही बाजूंचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. काहीही गाळलेले नसते. पण एवढे आकडे साठविण्यास जागा फार लागते.

या अडचणीवर जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी तोड काढली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, हे पूर्वीपासून ठाऊक होते. रस्त्यावरून ट्रक जात असता शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तसेच हे. मग जे ऐकू येणारच नाही ते लिहावयाचे कशाला? ते गाळले की आकडे थोडे राहतात. १९९३ साली ही पद्धती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९९५ च्या जुलैमध्ये तिच्या फायलींना एमपीथ्री हे नाव मिळाले. सेकंदाला १२८ किलोबिट हा दर रूढ झाला. म्हणजे सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्शात गाणे बसू लागले.

मराठीच्या प्राध्यापकाला हे सारे परिचयाचे वाटले तर नवल नाही. परीक्षेत आपण 'पुढील उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहा' असा प्रश्न घालीत असू. सारांश किती चांगला, हे मूळ उतारा किती लांब आहे यावर ठरत नाही. लिहिणाऱ्याने काय अनावश्यक मानले यावर ते ठरते.

येथे अनावश्यक काय, हे ठरविणारे कानही माणसांचेच होते. १९९० आणि १९९१ मध्ये स्टॉकहोम येथे निवडक श्रोत्यांना बसवून चाचण्या झाल्या. सुझान व्हेगा या गायिकेचे साथीविना गायिलेले एक गाणे ब्रांडेनबुर्ग यांनी असंख्य वेळा ऐकले, कारण आरंभी त्यात तिचा आवाज फारच बिघडत असे आणि तो सुधारेपर्यंत त्यांनी आपली रीत बदलीत नेली. कॅस्टनेट्सचा टणत्कार हाही एक अवघड नमुना होता. या रीतीत ध्वनीचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र हिशेब मांडतात. तुकड्याच्या मध्यभागी एकदम आघात आला, तर त्या हिशेबातली चूक आघाताच्या आधीही पसरते आणि ठोक्यापूर्वीच एक पुसट फरकाटा ऐकू येतो. आमच्या तबल्याच्या किनारीवरचा 'ना' त्याच जातीचा, त्यामुळे कॅस्टनेट्ससाठी झालेल्या श्रमांचा लाभ तबल्याला आपसूक मिळाला. तंबोऱ्याला मात्र असा पाठीराखा लाभला नाही.

४. खिशातील यंत्र आणि त्याची पारख

१९९८ साली दक्षिण कोरियाच्या साएहान कंपनीचा 'एमपीमॅन' आणि अमेरिकेत डायमंड कंपनीचा 'रिओ' ही खिशात मावणारी यंत्रे बाजारात आली. 'रिओ'ची स्मरणशक्ती ३२ मेगाबाइट होती. १२८ च्या दराने तीत साधारण पस्तीस मिनिटे बसत. पाश्चात्त्य गाणी आठ-दहा झाली असती. आमचा एक बडा ख्याल आणि त्याला जोडून छोटा ख्याल गायिला, की यंत्र भरले! तासाभराचा ध्रुपदाचा आलाप ऐकावयाचा तर दर निम्म्यावर, म्हणजे ६४ वर आणावा लागे. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉडची घोषणा झाली आणि हजार गाणी खिशात मावतात हे जाहिरातीचे ब्रीद ठरले.

त्या काळी या यंत्रांची वाखाणणी कशावरून होई? गाणी किती मावतात, सेल किती तास चालतो आणि 'आवाज सीडीसारखा आहे' यावरून. आपल्या न्यू मार्केटमध्ये फिरताना एकाच चकतीवर दीडशे-दोनशे गाणी विकावयास ठेवलेली आपण पाहिली असतील. त्या दिवसांत संख्या हाच गुण झाला होता. आम्हीही त्या मोहातून सुटलो नाही.

वास्तविक त्या यंत्रांच्या आवाजात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असत आणि आम्ही त्यांची सरमिसळ करीत असू. पहिली, यंत्राची स्वतःची खरखर. गाणे थांबले की काही स्वस्त यंत्रांत ती स्पष्ट जाणवे. दुसरी, सोबत मिळणारे कानातले बोंडले. खर्ज त्यातून उतरतच नसे, वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू तो मनाने भरून काढी. तिसरी, फाइलीचा दर. पहिल्या दोन गोष्टी बदलता येत, चांगले हेडफोन लावले की गाणे उजळे. तिसरी मात्र यंत्र बदलूनही सुधारत नाही, कारण जे गाळले ते फाइलीत नसतेच.

यासंबंधी जुन्या आणि नव्या दोषांतला भेद सांगितला पाहिजे. तबकडीची खरखर, टेपचा फुत्कार, रेडिओची मर्यादा हे सारे दोष गाण्याच्या वर पांघरुणासारखे सारखे पसरलेले असत. जो दोष स्थिर असतो तो कान काही वेळाने माफ करतो आणि पांघरुणाखालचे गाणे ऐकू लागतो. एमपीथ्रीचा दोष गाण्याच्या आत असतो आणि गाण्याबरोबर हलतो. गायकाचा आवाज लागला की तो दडतो, गायक थांबला की वर येतो. म्हणून कमी दराची फाइल भरगच्च वाद्यवृंदात पुष्कळदा निभावून जाते आणि एकट्या तंबोऱ्यापाशी उघडी पडते.

५. माझी परीक्षा

आता ती हकीकत. १९८३ साली एका संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी गायिले. श्रोते पाच-सहा. तंबोऱ्यावर त्यांचाच एक विद्यार्थी होता. मी ते गाणे तीन कॅसेटींवर उतरवून घेतले. गुरुजी मैफलीचे गवई नव्हते. त्यांचे दुसरे ध्वनिमुद्रण माझ्या माहितीत नाही.

२००४ मध्ये त्या कॅसेटींना बुरशी धरू लागली. शहरातल्या एका दुकानात कॅसेटवरून सीडी करून देत असत. तेथे मी त्या नेल्या. "सगळे एकाच सीडीवर मावेल, वर जागाही उरेल," असे दुकानदार म्हणाला. ६४ चा दर त्यानेच सुचविला. माझ्यासमोर त्याने संगणकाच्या लहान स्पीकरवर मिनिटभर गाणे लावले. नेमकी द्रुत तानांची जागा आली. मी मान डोलाविली आणि पैसे दिले. त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटी कबाडीवाल्याकडे गेल्या. त्याचा दोष मी दुकानदाराला देत नाही. ज्याने कानसेन व्हावयाचे होते, त्याने एक मिनिट ऐकले.

दोन वर्षांनी आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सुट्टीवर आला. तो विद्युत अभियंता होता. 'डिजिटल आवाज निर्जीव असतो' असे मी त्याला ठासून सांगितले. तो म्हणाला, "सर, नाव झाकून ऐकाल का?" त्याने चांगले हेडफोन लावून दिले, एका नाट्यपदाची मूळ सीडी आणि १२८ दराची फाइल आलटून पालटून वाजविली, आणि कोणती कोणती ते मी कागदावर लिहीत गेलो. दहांपैकी पाच बरोबर आले. नाणे उडविले असते तरी तेवढेच आले असते. मग त्याने एकच फाइल दोनदा ऐकविली. मी दुसऱ्या वेळेचा आवाज अधिक 'भरीव' ठरविला. त्याने फक्त तो किंचित मोठा केला होता. चाळीस वर्षांच्या ऐकण्याचा माझा अभिमान त्या टेबलावर उतरला.

मग त्याने तंबोऱ्यासह एक आलाप लावला. १२८ ला मी चाचपडलो. ६४ ला मात्र एकदाही चुकलो नाही. गायक श्वास घेण्यास थांबला की तंबोरा पाण्याखाली बुडाल्यासारखा लहरू लागे. काय ऐकावयाचे ते आता मला समजले होते. आणि त्याच कानाने मी गुरुजींची सीडी लावली.

गुरुजी थांबून गात. दोन स्वरवाक्यांच्या मध्ये ते तंबोऱ्याला बोलू देत आणि आम्हालाही, "आधी तो काय म्हणतो ते ऐका," असे सांगत. त्या सीडीत त्यांचा आवाज आहे, राग ओळखू येतो, बंदिशीचे शब्द कळतात. पण प्रत्येक विश्रांतीत तंबोरा घुसळल्यासारखा हलतो. टेपच्या फुत्काराने ते अधिकच बिघडले, कारण फुत्काराला काही आकृती नसते आणि तो लिहून ठेवण्यात त्या थोड्याशा बिटांचा मोठा वाटा खर्ची पडतो. "मूळ कॅसेटी कुठे आहेत, सर?" त्याने विचारले. मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही.

६. आपल्याकडून काय व्हावे

या इतिहासाचा निष्कर्ष 'जुने ते सोने' असा काढणे चूक होईल. नाव झाकून घेतलेल्या परीक्षेत मी नापास झालो, हे विसरता येत नाही. पुढे एमपीथ्रीच्या रचना सुधारल्या आणि वरच्या दरांत बहुतेक श्रोत्यांना भेद कळेनासा झाला. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपीथ्रीचे परवाने देणे बंद केले आणि २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबले. ते पर्व संपले. त्या यंत्रांनी खेड्यापाड्यांत आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या खोल्यांत गाणे नेले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु ऐकण्याची प्रत वेगळी आणि जपण्याची प्रत वेगळी. आमच्या वाङ्मयाच्या अभ्यासात हा विवेक जुना आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. नकलून घेणाऱ्यांच्या हातून तीत अशुद्धे शिरली होती, पण ताडून पाहावयास पोथ्या होत्या, म्हणून शुद्धी शक्य झाली. जेथे एकच प्रत उरली आणि तीही सारांशरूप, तेथे कोणता संपादक काय करील? शिवाय एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली की प्रत्येक नकलेत आणखी काही गळते. लेखकाच्या हातून होणाऱ्या प्रमादांसारखेच ते साठत जाते.

म्हणून माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. आपल्या घरी शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या, गणेशोत्सवातील गाण्यांच्या, आजी-आजोबांच्या ओव्या-अभंगांच्या टेप किंवा कॅसेटी असतील. त्या न गाळता, सीडीच्या प्रमाणाने उतरवून घ्या. एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. २००४ मध्ये ते जड वाटत होते, आज ती जागा नगण्य आहे. काहीही न गाळता जागा वाचविणारी 'फ्लॅक' ही रीतही उपलब्ध आहे. गाणाऱ्याचे, साथीदारांचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. आणि उतरवून झाले तरी मूळ टेप फेकू नका. उतरविलेली प्रत तपासताना ताना ऐकून मान डोलावू नका. गाणारा जेथे थांबला असेल, तेथे कान लावा.

१९८३ च्या त्या संध्याकाळी आमच्या घरी आणखी पाच-सहा माणसे होती, हे मी वर सांगितले. त्यांपैकी एकाच्या हातातही लहान टेपरेकॉर्डर होता, असे मला अंधुक आठवते. तो गृहस्थ पुढे बदलून दुसऱ्या गावी गेला. ही पुस्तिका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाते. कोणाच्या कपाटात अशी कॅसेट निघाली, तर ती शाळेकडे कळवावी. तिच्यावर बुरशी असली तरी चालेल.